काट्यावरची स्क्रीन: टास्क मॉडेलवरून तयार करायची तर किती, आणि बदलू द्यायची तर कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगसाठी (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) प्रश्नकर्त्याची छोटी टीम कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करते आहे. खरेदीची एकच लांबलचक स्क्रीन आहे आणि गेटवाल्यापासून हिशेबाच्या दिवाणजीपर्यंत सगळ्यांचे रकाने तिच्यातच आहेत. गाड्यांचं वजन होतं त्या काट्यावरची माणसं वैतागली आहेत. कोणीतरी सुचवलं की कामाचं टास्क मॉडेल, म्हणजे कोण काय कोणत्या क्रमाने करतो याची मांडणी, काढा, त्यावरून स्क्रीन आपोआप तयार करा, आणि वापरणारा व परिस्थिती बघून ती स्वतःच बदलेल असं करा. हे खरंच होतं का, आणि करायचं तर सुरुवात कुठून करायची?

होतं. विदर्भातल्या जिनिंग, बाजार समित्या आणि सेवा सहकारी सोसायट्या यांच्यासाठी मी बरीच वर्षं हेच काम करतो, आणि काही ठिकाणी ही पद्धत रोजच्या वापरात आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन कामं एकत्र झाली आहेत. मॉडेलवरून स्क्रीन तयार करणं हे एक, आणि त्या स्क्रीनने माणसाप्रमाणे बदलणं हे दुसरं. पहिलं बऱ्यापैकी सुटलेलं आहे. दुसऱ्यात कशाप्रमाणे आणि केव्हा बदलायचं हे चुकलं, तर काट्यावरचा माणूस तुमचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून वही काढतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: समोर कोण बसलाय, कोणत्या यंत्रावर बसलाय आणि खरेदी कोणासाठी चाललीय, एवढ्या तीनच गोष्टींवरून स्क्रीन बदलावी, आणि तो बदल काम सुरू होण्याआधी होऊन गेलेला असावा. हात चालू असताना काहीही हलू नये. खाली जे आहे ते बहुतेक याच मताचं स्पष्टीकरण आहे.

टास्क मॉडेल म्हणजे स्क्रीनचा आराखडा नव्हे. माणसाला काय साधायचं आहे, त्यासाठी तो कोणकोणती कामं कोणत्या क्रमाने करतो, याचं झाड. मोठ्या कामाचे तुकडे पाडत जायची पद्धत १९६७ पासूनची आहे, अ‍ॅनेट आणि डंकन यांची, आणि ती कामगारांच्या प्रशिक्षणासाठी होती. आज स्क्रीन तयार करायला जी वापरतात ती प्रामुख्याने इटलीतल्या पिसा इथल्या फाबिओ पातेर्नो यांची कॉनकरटास्कट्रीज, म्हणजे सीटीटी. १९९७ च्या सुमाराची. तिचं वेगळेपण असं की झाडाच्या भावंड-फांद्यांमध्ये वेळेचं नातं लिहावं लागतं: हे झाल्यावर ते, दोन्ही कोणत्याही क्रमाने, दोन्ही एकाच वेळी, यातलं एकच, हे चालू असताना ते आलं की हे कायमचं थांबतं, किंवा थांबून परत सुरू होतं. दुसरं म्हणजे प्रत्येक कामाला जात असते: माणूस एकटा करतो ते, यंत्र एकटं करतं ते, आणि दोघं मिळून करतात ते. आपल्या कामासाठी या जाती फार मोलाच्या आहेत. कशा, ते पुढे येईलच.

मॉडेल काढायला मालकाला विचारू नका. खरेदी कशी व्हायला पाहिजे ते मालक सांगतो. काट्याच्या खोलीत बसा, आणि दिवाळीनंतर आवक जोरात असते तेव्हा बसा. ट्रॉली येते, ग्रेडर (मालाची प्रत ठरवणारा) वर चढतो, वरचा थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर कापूस काढून धागा ओढून बघतो. कवडी (किडका, खराब कापूस) किती, पानकचरा किती, ओल किती. खाली उतरायच्या आत आकडा तोंडातून निघालेला असतो. ओलावा मापायचं यंत्र खिशात असतं, पण खाजगी खरेदीत प्रत्येक गाडीला ते निघतंच असं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘मले हात लावल्याबरोबर समजते.’ आता या माणसासाठी तुम्ही फोनवर प्रतीची सुंदर स्क्रीन तयार केलीत, तर ती भरणार कोण? त्याचे दोन्ही हात कापसात आहेत आणि डोळे ट्रॉलीत. आकडा ऐकून भरतो तो खाली उभा असलेला पोरगा. मॉडेलमध्ये ‘प्रत ठरवणे’ हे ग्रेडरचं एकट्याचं, यंत्राशी संबंध नसलेलं काम आहे. ‘प्रत नोंदवणे’ हे पोराचं आणि यंत्राचं. झाडाची दोन वेगळी पानं, दोन वेगळी माणसं. हा फरक फॉर्म बघून कधीच दिसत नाही, कारण फॉर्मवर ‘प्रत’ असा एकच रकाना असतो.

तुमच्या कामाचं वरच्या पातळीवरचं झाड साधारण असं येईल (पट्टी म्हणजे वजन आणि भावाच्या हिशेबाचा कागद, चुकारा म्हणजे शेतकऱ्याला पैसे देणं):

कापूस खरेदी
  (गाडी आत घेणे
    >> (प्रत नोंदवणे |=| भरलेल्या गाडीचं वजन)
    >> गाडी खाली करणे
    >> रिकाम्या गाडीचं वजन
    >> पट्टी करणे)
  [> माल परत
  >> चुकारा

‘>>’ म्हणजे आधीचं संपल्यावर पुढचं. ‘|=|’ म्हणजे दोन्ही करायची, क्रम कोणताही. काही जिनांत आधी काटा होतो मग ग्रेडर बघतो, काही ठिकाणी उलट, आणि भाव यार्डातल्या लिलावात ठरून आला असेल तर प्रत म्हणजे नुसती पडताळणी असते. म्हणून इथे क्रम लादू नका. ‘[>’ म्हणजे डावीकडचं काम चालू असताना कधीही उजवीकडचं आलं की डावीकडचं संपलं. हे चिन्ह तुमच्या आत्ताच्या स्क्रीनमध्ये कुठेच नसणार, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. गाडी अर्धी खाली झाली, आतून ओला माल निघाला, खरेदीदार म्हणतो भाव तोडा, शेतकरी म्हणतो भरून द्या माझा माल परत. अशा वेळी काट्यावरच्या माणसाकडे दोनच मार्ग उरतात: नोंद खोटी पूर्ण करून नंतर रद्द करणं, किंवा ती अर्धवट सोडून देणं. दोन्हींत रिकाम्या गाडीचं वजन चुकतं, कारण परत गेलेल्या गाडीत किती कापूस राहिला ते कुठेच लिहिलेलं नसतं. मॉडेलमध्ये ‘माल परत’ ही फांदी ठेवा, तिच्या आत परतीचं वजन ठेवा, आणि भाव बदलला तर कोणी आणि केव्हा बदलला हे यंत्राने स्वतः लिहावं. बाजार समितीत तक्रार गेली की हाच कागद कामी येतो.

या झाडात एक खाच आहे, ती सांगतो म्हणजे तुमचा आठवडा वाचेल. नियमाप्रमाणे ‘माल परत’ पूर्ण झालं की तो कंस संपला, आणि कंस संपला की ‘>>’ मुळे पुढचं काम उघडतं. पुढचं काम चुकारा! म्हणजे माल परत नेणाऱ्याला पैसे देण्याची स्क्रीन. चिन्हांच्या हिशेबाने हे अगदी बरोबर आहे. म्हणून चुकाऱ्याला वेगळी पूर्वअट लागते: या गाडीची पट्टी झालेली असली पाहिजे. क्रमाची चिन्हं आणि पूर्वअटी या दोन्ही वापरा, एकावर भागत नाही.

आता स्क्रीन कशी निघते ते. एका क्षणी कोणकोणती कामं उघडी आहेत याचे संच झाडावरून काढता येतात, आणि ढोबळ नियम असा की एका संचाची एक स्क्रीन. वरच्या झाडाला हा नियम जसाच्या तसा लावून बघा. गाडी आत आल्यावर संच येतो प्रत, भरलेलं वजन आणि माल परत; ठीक आहे. त्यानंतरचा संच येतो गाडी खाली करणे आणि माल परत. गाडी खाली करणं हे हमालांचं काम, त्याला यंत्रावर काहीच नाही. म्हणजे हमाल कापूस खाली करत आहेत तेवढा सगळा वेळ स्क्रीनवर एकच एक बटण: माल परत. हे बघून मालक काय म्हणेल याची कल्पना करा. त्यामुळे संच काढले की त्यांची सांधणी करावी लागते. निव्वळ माणसाच्या कामामुळे पडलेला संच पुढच्या संचात मिसळायचा; एखाददुसऱ्या कामाचाच फरक असलेले शेजारचे संच एक करायचे; थांबवणारं काम, म्हणजे इथे माल परत, प्रत्येक स्क्रीनवर एकाच ठरलेल्या कोपऱ्यात लहान ठेवायचं. सांधणी केली नाही तर ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत जायची पाच-सहा पानं होतात. मोबाइलवर पैसे पाठवायला ती पद्धत बरी, पण दिवसभर तीच नोंद करणाऱ्या माणसाला ती शिक्षा आहे.

आणखी एक गोष्ट झाडात नीट बसत नाही. भरलेलं वजन झालं आणि रिकामं व्हायचंय अशा गाड्या आवारात एकाच वेळी बऱ्याच असतात. सीटीटीत एखादं काम परत परत होतं हे सहज लिहिता येतं. पण तेच काम अनेक गाड्यांसाठी एकाच वेळी अर्ध्यावर उभं आहे हे लिहिणं अवघड जातं. मी ते झाडात ओढूनताणून बसवत नाही. ‘आत असलेल्या गाड्या’ ही एक यादी डेटाच्या बाजूने धरतो, ती काट्याच्या स्क्रीनवर डावीकडे कायम दिसते, आणि काटाबाबू गाडीवर बोट ठेवून किंवा गाडी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून हवी ती नोंद पुढे नेतो. बैलबंडीला नंबर नसतो, तेव्हा टोकन. ही यादी असली की लाईन गेल्याचा प्रश्नही बराचसा सुटतो, कारण अर्धवट नोंद यादीतच जतन असते आणि इन्व्हर्टरवर परत आलं की तिथूनच पुढे.

संचापासून प्रत्यक्ष स्क्रीनपर्यंत जायला मधल्या पायऱ्या आहेत. २००३ साली युरोपातल्या संशोधकांनी कॅमेलिऑन नावाची चौकट मांडली. तिच्यात चार पातळ्या आहेत. वर कामं आणि संकल्पना, मग यंत्रनिरपेक्ष स्क्रीन, मग ठरावीक यंत्रासाठीची स्क्रीन, आणि शेवटी चालणारा कोड. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीतला फरक जपा. दुसऱ्या पातळीवर आपण फक्त एवढंच म्हणतो की ‘मोजक्या पर्यायांतून एक निवडायचा’ किंवा ‘लांब यादीतून एक निवडायचा’ किंवा ‘एक आकडा, या हद्दीतला’. तिसऱ्या पातळीवर ते ठोस होतं. प्रत हा मोजक्या पर्यायांचा प्रश्न: पोराच्या फोनवर त्याची चार मोठी बटणं, उन्हात दिसतील अशी काळी-पांढरी, आणि काट्यावरच्या संगणकावर एक आकडा टाकून एंटर. गाव हा लांब यादीचा प्रश्न: पहिली दोन अक्षरं टाकली की आसपासच्या तालुक्यांतली गावं आधी. वजन तर विचारायचंच नाही, ते काट्याच्या इंडिकेटरवरून केबलने येतं. आकडा स्थिर झाला की घ्यायचा. हाताने वजन टाकणं हे वेगळं काम ठेवा, त्याला आधी कारण लिहावंच लागेल असं.

कीबोर्डबद्दल मुद्दाम सांगतो. जुन्या जिनांतले दिवाणजी फॉक्सप्रो आणि टॅलीवर वाढलेत. माउसला हात न लावता ते अख्खी पट्टी करतात, नजर कागदावर आणि उजवा हात आकड्यांच्या पॅडवर. तुमच्या जनरेटरने, म्हणजे मॉडेलवरून स्क्रीन काढणाऱ्या प्रोग्रामने, दिवाणजीच्या स्क्रीनवर एकही ड्रॉपडाउन असा काढला की ज्याला माउस लागतो, तर बाकी कितीही हुशारी असो, तो वापरणार नाही. आणि आकडे दोन्ही लिपींतले घ्या. मराठी कीबोर्ड चालू राहिला म्हणून ‘चुकीचा आकडा’ असा संदेश दाखवणं हा आळशीपणा आहे.

आता बदलण्याकडे येतो. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये या विषयावर इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीत पिएर अकिकी, अरोशा बांदारा आणि यीजुन यू यांनी केलेलं काम मला सर्वांत उपयोगी वाटतं. त्यांची कल्पना अशी की कामांच्या झाडावर भूमिका टांगायच्या: कोणत्या भूमिकेला कोणती कामं लागतात. माणूस आत आला की त्याला लागणारी तेवढीच वैशिष्ट्यं ठेवायची आणि त्यांची मांडणी त्याच्या परिस्थितीप्रमाणे करायची. त्यासाठी मॉडेलवरून एकदाच कोड काढून ठेवण्याऐवजी मॉडेलच चालू सॉफ्टवेअरमध्ये वाचलं जातं, म्हणजे झाडात बदल केला की स्क्रीन बदलते, नवी आवृत्ती पाठवावी लागत नाही. आपल्याकडे हा शेवटचा भाग सोन्याचा आहे. हंगाम ऐन भरात असताना जिनातल्या संगणकावर नवी आवृत्ती चढवायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा. मॉडेलची फाइल मात्र छोटी असते, जिनातल्याच लोकल सर्व्हरवर ठेवायची, नेट असेल तेव्हा येईल, नसेल तर कालची चालेल.

भूमिकांपेक्षाही मोठा फायदा मला ‘खरेदी कोणासाठी’ या एका गोष्टीत मिळाला. तुमच्याकडे एकाच आवारात खाजगी खरेदी आणि भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे सीसीआयची, अशा दोन्ही असतील. खाजगीत नाव, गाव, गाडी आणि ठरलेला भाव एवढ्यावर काम सुरू होतं. सीसीआयला आधार, सातबारा, पिकाची नोंद, बँक खातं. २०२५-२६ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधी नोंदणीही. इथपर्यंत कोणीही म्हणेल की चार रकाने जास्त दाखवा, झालं. पण झाडात बघितलं तर भावाची जातच बदलते. खाजगीत भाव हे माणूस आणि यंत्र दोघांचं काम आहे. ठरतो बाहेर, टाकतो माणूस. सीसीआयमध्ये भाव ठरवायचा नसतोच. हमीभाव जाहीर असतो, २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव घटत जातो आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. म्हणजे भाव हे यंत्राचं एकट्याचं काम झालं, आणि खाजगीत ऐच्छिक असलेला ओलावा इथे सक्तीचा झाला. त्यामुळे एका स्क्रीनवर भाव हा भरायचा रकाना आणि ओलावा कोपऱ्यात, तर दुसऱ्यावर ओलावा पहिला आणि भाव नुसता दिसणारा, हात न लागणारा. १३ टाकलं की पुढचं काम बंद आणि ‘माल परत’ समोर. फॉर्मवर रकाने दाखवा-लपवा करणाऱ्या अटी लिहून हे जमतं, नाही असं नाही, पण त्या अटी दोन हंगामांत अशा गुंततात की लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाहीत. आणि आपल्याकडे खरेदीचे नियम बदलतच असतात. १९७२ ला एकाधिकार, म्हणजे फक्त सरकारी खरेदी, आला, पुढे खाजगी खुली झाली, आता अ‍ॅप. झाडाची एक फांदी बदलणं परवडतं.

भूमिकांच्या बाबतीत पुस्तकी पद्धत आपल्याकडे थोडी वाकवावी लागते. मोठ्या कंपनीत एक माणूस एक भूमिका. जिनात सकाळी काटाबाबू असलेला माणूस दुपारी गेटवर बसतो, आणि मार्चनंतर आवक ओसरली की एकटाच सगळं करतो. म्हणून भूमिका माणसाला कायमची चिकटवू नका. रोज आत येताना ‘आज काय बघताय’ एवढं विचारा, एकापेक्षा जास्त निवडू द्या, आणि निवडलेल्या भूमिकांच्या कामांची बेरीज दाखवा. दोन भूमिकांत एखादं काम एकीत आहे आणि दुसरीत नाही, तर असलेलं जिंकतं. आणि काहीही लपवलं असलं तरी एक की, माझ्याकडे एफ-बारा असते, ती दाबली की सगळं दिसलं पाहिजे, आणि परत दाबली की होतं तसं. लपवल्यामुळे काम अडलं असं एकदा जरी झालं तरी माणूस कायम सगळं उघडून बसतो. लपवणं म्हणजे परवानगी नाकारणं नव्हे हेही ध्यानात ठेवा. चुकाऱ्याचा अधिकार कोणाला हे सर्व्हरवर तपासायचं, स्क्रीनवर रकाना नाही म्हणून सुरक्षित असं समजू नका.

वापर बघून स्क्रीनने स्वतः शिकणं, म्हणजे तुम्ही ज्याला ‘स्वतःच बदलेल’ म्हणता ते, मी काट्यावर ठेवत नाही. याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० चा. कमी वापरलेले पर्याय मेनूतून आपोआप दडायचे. लोकांना ते सापडेनासे झाले, आणि ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची रांग, आल्यावर ती सोय गेली. २००४ साली कॅनडात फिंडलेटर आणि मॅकग्रेनीर यांनी तीन प्रकारचे मेनू तुलना करून बघितले: न बदलणारे, स्वतः बदलणारे, आणि वापरणाऱ्याने आपल्या हाताने लावून घेतलेले. स्वतः बदलणारे न बदलणाऱ्यांपेक्षा हळू निघाले. हाताने लावलेले लोकांना आवडले. काट्यावर हे आणखी तीव्र होतं, कारण तिथे माणूस स्क्रीन वाचत नाही. फोन कानाला, एक डोळा काट्यावरच्या ट्रॉलीची चाकं बरोबर बसलीत का यावर, आणि बोटं सवयीने चालतात. एका तालुक्याच्या ठिकाणी कोणाच्या तरी हौसेने ‘जास्त लागणारी गावं वर’ अशी सोय चालू होती. काटाबाबूने विचारलं, ‘साहेब, ह्या गावाईची जागा रोज कावून बदलते?’ त्याला तिसऱ्या ओळीवर जायची सवय लागली होती आणि तिसऱ्या ओळीवर आता भलतंच गाव होतं. पट्ट्या चुकीच्या गावावर. यादी अकारविल्हे केली आणि त्याला स्वतःला हवी ती गावं वर टाचून ठेवायची सोय दिली. त्याने ती एकदाच लावली, नंतर हात नाही लावला.

यंत्राने अंदाज बांधायला एक जागा मात्र चांगली आहे: आधीचा आकडा सुचवणं. गाडी नंबर टाकला की मागच्या वेळी तिचं रिकामं वजन किती होतं ते शेजारी फिकट दिसावं, आणि आताचं फार वेगळं असेल तर रंग बदलावा. यात जागा हलत नाही, क्रम हलत नाही, फक्त माहिती वाढते. ट्रॉलीत दगड किंवा माणूस बसून वजन होण्याचे प्रकार यातूनच पकडले जातात.

जनरेटरवर किती विसंबायचं? मायर्स, हडसन आणि पॉश यांनी २००० साली स्क्रीन तयार करणाऱ्या साधनांचा आढावा घेतला, त्यात मॉडेलवरून तयार करण्याच्या पद्धतीवर ठेवलेलं बोट आजही खरं आहे: मॉडेलमध्ये काय बदललं म्हणजे स्क्रीनवर काय बदलेल याचा अंदाज मॉडेल करणाऱ्यालाच येत नाही. नियम जितके हुशार, तितकी ही अडचण मोठी. म्हणून माझे नियम मोजके आणि मठ्ठ आहेत, एका कागदावर मावतील एवढे, आणि प्रत्येक रकान्यावर उजवं क्लिक केलं की ‘हा कोणत्या नियमाने आला’ ते दिसतं. हाताने सुधारणा तर होणारच. लेबल लहान करायचं, दोन रकाने एका ओळीत आणायचे. ती सुधारणा शेवटच्या कोडमध्ये करू नका, पुढच्या वेळी मॉडेल चालवलं की पुसली जाते. ती तिसऱ्या पातळीवर, ‘या रकान्याला या यंत्रावर असं’ अशी वेगळी नोंद म्हणून ठेवा आणि जनरेटर चालल्यावर वरून लावा. ज्या रकान्याची नोंद आहे तो झाडातून गेला असेल तर जनरेटरने ओरडून सांगावं, गुपचूप गिळू नये.

सगळ्या स्क्रीन या पद्धतीने करायच्या भानगडीत पडू नका. गेट, काटा, प्रत, पट्टी, चुकारा यांना झाड शोभतं, कारण तिथे क्रम आहे आणि माणसं वेगळी आहेत. गाठी, रुई आणि सरकीच्या साठ्याचे तक्ते, मालकाचा संध्याकाळचा अहवाल, मास्टर याद्या या साध्या हाताने लिहा. त्यांच्यात कामाचा क्रमच नाही, झाड काढून हाती काही लागत नाही.

सुरुवात पावसाळ्यात करा, जिन बंद असतं तेव्हा. फक्त काट्याचं झाड कागदावर काढा आणि काटाबाबूला, ग्रेडरला व हमालांच्या मुकादमाला चिन्हं न दाखवता वाचून दाखवा: ‘हे झाल्यावर हे, मध्येच हे झालं तर हे.’ ते जिथे म्हणतील ‘असं नाही होत जी’, तिथे झाड बदला. मग सांधणीचे नियम कागदावरच लावून स्क्रीन काढा, एक ओळ कोड न लिहिता. जुनी स्क्रीन पहिल्या हंगामात बंद करू नका. दोन्ही एकाच डेटावर चालू द्या आणि भरलेल्या वजनापासून पट्टी छापेपर्यंतचा वेळ दोन्हींवर नोंदवत राहा, गर्दीच्या दिवसाचा वेगळा. काटाबाबू आपणहून जुनी उघडायचा थांबला की पुढची भूमिका घ्या. माझ्या मते ती गेटची असावी, चुकाऱ्याची शेवटी. पैशांच्या स्क्रीनवर प्रयोग करायला दिवाणजी देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.